रेडिएटरचा फॅन फिरत नाही? मोटर बदलण्याआधी वीज कुठे अडली ते शोधा

हायवेला गाडी एकदम व्यवस्थित चालते. कागलपासून शिरोलीपर्यंत टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, एसीही गार. कोल्हापूर शहरात शिरून महाद्वार रोडच्या गर्दीत नाहीतर शिवाजी पुलावर उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात, की काटा वर सरकायला लागतो आणि एसी कोमट होतो. पुढं रस्ता मोकळा मिळून गाडी जरा पळाली, की काटा आपोआप खाली. असं होत असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यायचा.

कारण साधं आहे. गाडी पन्नास-साठच्या वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार ठेवतो, फॅनची गरज जवळजवळ पडत नाही. गाडी उभी किंवा रांगत असली की ते काम फॅनकडे येतं. याच्या उलट, गर्दीत ठीक पण हायवेला ऐंशीच्या वर गेलं की तापते, अशी तक्रार असेल तर फॅन सोडा. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी, रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलेला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडणारा किंवा वॉटर पंप, यांच्याकडे बघा.

फॅन बंद पडला म्हणून गॅरेजला गेलं की बहुतेक वेळा दोन उत्तरं मिळतात. एक, ‘मोटर गेली, नवीन असेंब्ली टाकायला लागेल.’ दुसरं, ‘डायरेक्ट करून देतो, बटण लावूया.’ पहिल्यात काही हजार जातात. दुसऱ्यात आत्ता काही जात नाही, नंतर जातं. दोन्हींत खरा बिघाड कुठे होता हे कुणी शोधलेलंच नसतं. फॅन फिरायला तीनच गोष्टी लागतात: मोटर चांगली हवी, तिच्यापर्यंत पुरेशी वीज आणि पक्की अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) हवी, आणि ‘आता फिर’ असा हुकूम वेळेवर यायला हवा. यातलं काय नाही, ते घरच्या पार्किंगमध्येही शोधता येतं.

हाताशी काय हवं

मल्टिमीटर, एलईडीचा टेस्ट लॅम्प, फ्यूज उपसायचा चिमटा, आणि अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचा दोन हात तुकडा, त्यात मध्ये फ्यूज होल्डर बसवून. या वायरीत फॅनच्या मूळ फ्यूजएवढाच फ्यूज टाका. बिनफ्यूजची वायर बॅटरीवरून फिरवू नका, चुकून बॉडीला लागली तर हातात निखारा येईल. आणखी एक वस्तू जरूर जमवा: हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब, ज्याचा एक फिलामेंट शाबूत आहे, त्याला दोन वायरी डाग देऊन. हा बल्ब मीटरपेक्षा कामाचा का, ते पुढे येईलच. फोनला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड दाखवणारं यंत्र) असेल तर अर्धा तास वाचतो.

दोन गोष्टी मात्र आधी सांगायच्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं दाबाचं झाकण उघडायचं नाही. कोल्हापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. गाडीत मात्र झाकणाच्या दाबामुळे आणि कूलंटमुळे ते १२० च्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. दुसरं, बऱ्याच गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. ओढणी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही लांबच. हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी वायरींना हात लावायचा नाही.

खरंच बंद आहे का, हे आधी ठरवा

वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा फॅन चांगला असतो आणि त्याची वेळच आलेली नसते. साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान कूलंट गेलं की फॅन सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरलं की थांबतो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. थंडीच्या सकाळी गाडी दहा मिनिटं उभी चालू ठेवून ‘फॅन लागला नाही’ म्हणणं बरोबर नाही. वीस-पंचवीस मिनिटं द्या, आणि दुपारी करा. स्कॅनर असेल तर कूलंटचा आकडा डोळ्यासमोर ठेवा. नवीन छोट्या गाड्यांना काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. निळा विझला म्हणजे इंजिन थोडं गरम झालं इतकंच, फॅनची वेळ झाली असं नाही. १०५ च्या पुढं आकडा गेला, काटा लाल पट्ट्याकडे झुकला किंवा लाल दिवा लागला आणि तरी फॅन गप्प, तर तो बंद आहे. इंजिन लगेच बंद करा, चाचणीच्या नावाखाली उकळू देऊ नका.

हे करायच्या आधी, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघितलेली असायला हवी. हा मुद्दा लोक हमखास सोडतात. सेन्सरला तापमान कळतं ते त्याच्या टोकाला लागणाऱ्या कूलंटमुळे. कूलंट कमी झालं आणि सेन्सरपाशी नुसती वाफ किंवा हवेचा फुगा राहिला, तर इंजिन तापलेलं असून सेन्सर कमी तापमान सांगत बसतो. फॅन लागत नाही आणि दोष मोटरवर येतो. नुकतंच कूलंट बदललं असेल आणि त्यानंतरच फॅन ‘बंद’ पडला असेल, तर आत एअर लॉक आहे असं धरून आधी हवा काढा.

जुन्या गाड्यांत, जिथे रेडिएटरलाच थर्मोस्विच बसवलेला असतो, तिथे आणखी एक गंमत. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. इंजिन उकळतंय, रेडिएटर थंडगार, आणि स्विच बिचारा थंड पाण्यात बसलेला. तो फॅन कशाला लावेल? इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, फडकं घेऊन खालच्या होज पाइपला हात लावा. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा गार असेल तर फॅनच्या वायरी नंतर, थर्मोस्टॅट आधी.

आता एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असताना एसी लावला आणि कॉम्प्रेसरने ‘टक’ करून पकड घेतली, की फॅन फिरायला हवा. फिरला, पण नुसत्या गरमीने फिरत नाही, तर मोटर आणि तिचा फ्यूज चांगला. संशय सेन्सरकडे आणि हुकमाच्या बाजूला वळवा. एसीनेही फिरला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका: गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसरच लागत नाही, मग फॅनही लागत नाही. दोन फॅनच्या गाडीत एसीवर फिरणारा फॅन वेगळाच असू शकतो, तेव्हा बॉनेट उघडून कोणता फिरतोय ते प्रत्यक्ष बघा.

पाती हाताने फिरवून

बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पाती बोटाने फिरवा. हलकी फिरून थोडी घसरत थांबली पाहिजेत. घासल्याचा आवाज, एका ठिकाणी अडणं, दांड्याला वर-खाली खेळ, ही बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गेल्याची लक्षणं. शेतातनं येणाऱ्या गाड्यांत फॅन आणि काउलच्या (फॅनभोवतीच्या आवरणाच्या) मध्ये उसाचा पाला, सुतळी, प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली मी स्वतः काढली आहे. उंदराचा त्रास असेल तर तिथेच खाली वाकून कुरतडलेल्या वायरीही शोधा. फॅनची वायर रेडिएटरच्या खालच्या कडेने जाते, उंदराच्या अगदी वाटेवर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल, किंवा ती सेकंडहँड म्हणून तुमच्याकडे आली असेल, तर फॅनचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) उघडून बघाच. फॅन गाडीत सर्वात पुढं आणि खाली असतो, गाळाचं पाणी त्याच्या मोटरीत आधी शिरतं. गाडी सुकवून चालू होते, आणि वर्षा-दोन वर्षांनी कपलरच्या पिनांवर हिरवी बुरशी चढते.

फ्यूज

फॅनचा फ्यूज बहुतेक वेळा डॅशबोर्डखाली नसतो, बॉनेटमधल्या काळ्या डब्यात असतो. छोट्या गाडीला २० किंवा ३० अँपिअरचा, मोठ्याला ४० चा. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो; जोपर्यंत तो वाचता येतो तोपर्यंत त्याचा फोटो काढून ठेवा. डोळ्याने फ्यूज ‘चांगला’ दिसतो यावर जाऊ नका, मोठ्या फ्यूजांत केसाएवढी चीर असते आणि ती दिसत नाही. बॅटरीची निगेटिव्ह परत लावा, टेस्ट लॅम्पची क्लिप तिला जोडा आणि जागेवरच, फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना एकेक करून टोचा. दोन्हीकडे पेटला तर चांगला. एकाच बाजूला पेटला तर उडालेला. कुठेच नाही पेटला तर वीज मागेच कुठेतरी अडली.

उडालेला सापडला की नवीन टाकून खूश होऊ नका. फॅनचा कपलर काढून ठेवा, नवीन फ्यूज टाका आणि फॅनचा हुकूम द्या. तरीही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. नाही उडाला, पण कपलर जोडल्यावर थोडा वेळ फिरून उडाला, तर मोटर जड झाली आहे आणि जास्त करंट खाते आहे. तीसच्या जागी चाळीसचा फ्यूज टाकायचा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून पुढं चला. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

रिले: इथेच निम्मा निकाल लागतो

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडून ही एकच चाचणी करा.

त्याच डब्यातला फॅनचा रिले (छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणारा स्विच) शोधा. शेजारी हॉर्नचा किंवा एसीचा, अगदी तोच नंबर छापलेला रिले असतो. तो काढून फॅनच्या जागी लावा. फॅन सुरू झाला तर काही शे रुपयांत काम झालं. नंबर आणि पिनांची रचना जुळते आहे याची खात्री मात्र करा, दिसायला सारखे पण आतून वेगळे रिले असतात.

फरक पडला नाही तर रिले उपसा आणि खाली सॉकेटमध्ये बघा. नुसतं बघा, हाताला काही घेऊ नका. चार खाचा असतील. एखाद्या खाचेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी, फुगल्यासारखं किंवा वितळून चकाकलेलं असेल, आतली पितळी पट्टी काळवंडलेली असेल, तर बिघाड तुमच्यासमोर आहे: सैल झालेल्या पट्टीतून दहा-पंधरा अँपिअर जात राहिले, ती तापली, अजून सैल झाली, अजून तापली. असल्या सॉकेटमध्ये नवीन रिले लावला तर तोही चार महिन्यांत भाजतो. पट्टी बदलायला हवी, किंवा ती लाइन वेगळ्या रिलेच्या बेसवर काढायला हवी.

सॉकेट स्वच्छ असेल तर रिलेच्या पोटावरचे आकडे वाचा: ३०, ८५, ८६, ८७. तीस म्हणजे बॅटरीकडून आलेली कायमची वीज. सत्त्याऐंशी म्हणजे फॅनकडे जाणारी. पंच्याऐंशी-शहाऐंशी ही आतल्या गुंडाळीची दोन टोकं, हुकूम तिथं येतो. काही रिलेंवर हे आकडे नसतात. तेव्हा अंगावरच्या छोट्या आकृतीवरून ओळखा, कॉन्टॅक्टच्या दोन पिना कुठल्या आणि गुंडाळीच्या कुठल्या ते तिथे काढलेलं असतं.

टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सॉकेटच्या ३० ला टोचा. पेटलाच पाहिजे. आता फ्यूजवाली वायर घ्या आणि ३० व ८७ च्या खाचा जोडा, म्हणजे त्यांच्यात पूल बांधा. फॅनसमोर कुणी वाकलेलं नाही ना, हे आधी ओरडून विचारा.

फॅन जोरात फिरला? मग मोटर, फ्यूज, वायरिंग, अर्थ, सगळं चांगलं आहे. नवीन मोटरचे पैसे वाचले. दोष रिलेमध्ये किंवा हुकमाच्या बाजूला आहे. थेट खालच्या ‘हुकूम येत नाही तेव्हा’ या भागाकडे जा. फॅन फिरला नाही? मग दोष रिलेच्या पुढं, मोटरपर्यंतच्या वाटेत किंवा मोटरमध्येच. इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि सेन्सरला हात लावायची गरज नाही. काही गाड्यांत रिले पॉझिटिव्हऐवजी अर्थची बाजू तोडजोड करतो, तिथे ही चाचणी उलटी होते. तीसवर दिवा पेटला नाही तर आधी वायरिंगचा नकाशा मिळवा, अंदाजाने पूल बांधू नका.

काढलेला रिलेही तपासून घ्या. ८५-८६ मध्ये मीटरवर साधारण ६० ते १०० ओहम दिसायला हवेत. त्याच दोन पिनांना बारा व्होल्ट दिले की ‘टक’ वाजायला हवं. पण टक वाजलं म्हणजे रिले चांगला, हा गैरसमज फार पसरलेला आहे. टक हा गुंडाळीचा आवाज. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असतील तर रिले टकटक करत राहतो आणि वीज पुढं जात नाही. टक झाल्यावर ३० आणि ८७ मध्ये शून्याच्या जवळ ओहम येतात का, ते बघा. शिवाय वर सांगितलेला अदलाबदलीचा उपाय आहेच.

मोटरच्या कपलरवर: मीटर फसवतो, बल्ब नाही

पूल बांधूनही फॅन हलला नाही, तर मोटरचा कपलर काढा. गाडीच्या बाजूच्या कपलरच्या दोन पिनांवर मीटर लावा, पूल तसाच ठेवून. बारा व्होल्ट दिसले की लोक म्हणतात, ‘वीज येतेय, मोटरच गेली.’ इथंच थांबा. वायरीतल्या तीस तारांपैकी एकोणतीस गंजून तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर बाराच दाखवेल, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मोटर जोडली की त्या एका तारेतून दहा अँपिअर जाणार कसे?

म्हणून तो हेडलाइटचा बल्ब. कपलरवर जोडा. ५५ वॅटचा फिलामेंट साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब हेडलाइटमध्ये पेटतो तसा पांढराशुभ्र पेटला तर वीज खरी आहे. पिवळट, मरगळलेला पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग बल्ब पेटता ठेवूनच मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं कपलरच्या अर्थच्या पिनवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कपलरच्या पॉझिटिव्हपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर त्या वाटेवरचं काहीतरी: सॉकेट, मधला जोड, गंजलेली पिन.

अर्थ खराब निघण्याचं प्रमाण आपल्याकडे बरंच आहे. अर्थचा बोल्ट हेडलाइटच्या मागं किंवा रेडिएटरच्या पट्टीवर असतो; पावसाळाभर चिखलाचं पाणी उडतं, आणि पुढच्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. बोल्ट काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, वरून थोडं ग्रीस. एवढ्यावर चालू झालेले फॅन बरेच आहेत.

बल्ब लख्ख पेटला आणि फॅन तरी गप्प, तर शिक्का मोटरवर. शेवटची खात्री म्हणून फ्यूजवाल्या वायरीने बॅटरीतून मोटरला थेट बारा व्होल्ट द्या. दोनच जाड वायरी असलेल्या साध्या मोटरीलाच हे करायचं.

मोटर गेली म्हणजे काय गेलं

बहुतेक वेळा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे. थेट वीज देऊनही मोटर हलत नाही, पण मागच्या डब्यावर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक केलं आणि ती फिरायला लागली, तर कार्बन झिजले आहेत, आर्मेचरला (तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाला) नीट टेकत नाहीत. टकटक करून घरी जाता येतं, पण त्याच्यावर गणपतीपुळ्याला जायचं नाही.

आपल्याकडची सोय अशी की शिवाजी उद्यमनगरात मोटरींची कामं करणारे कारागीर आहेत. ज्या मोटरची मागची पत्र्याची टोपी उघडता येते तिचे कार्बन आणि बुश बदलून मिळतात, आणि कम्युटेटरवर (कार्बन टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) खोल चर पडले नसतील तर ती मोटर पुढं बरीच वर्षं चालते. आर्मेचर जळल्याचा वास येत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये असं माझं मत, नवीन घ्यावी. नवीन घेताना मात्र पाती आणि मोटर दोन्ही त्याच मॉडेलची घ्या. ‘बसते की’ म्हणून बसवलेली कमी ताकदीची मोटर हिवाळ्यात चालते आणि एप्रिलात, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या गर्दीत डोंगर चढताना उघडी पडते.

मोटर उघडून बसवली की कागदाची चाचणी करा. फॅन चालू असताना समोरच्या जाळीवर वहीचा कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. पुढं ढकलला गेला तर वायरी उलट्या जोडल्या आहेत: फॅन फिरतोय, आवाज येतोय, आणि इंजिनची गरम हवा उलटी रेडिएटरवर मारतोय. हे डोळ्याने कळत नाही.

हुकूम येत नाही तेव्हा

३० आणि ८७ जोडल्यावर फॅन फिरला होता, तर आता प्रश्न एवढाच: रिलेला लाग म्हणून कोण सांगतं? साध्या जुन्या गाडीत थर्मोस्विच. त्याच्या कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, चावी चालू ठेवा. फॅन लागला तर स्विच गेला. एवढंच.

नव्या गाडीत कूलंटचा सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, तापमान कळवतो आणि ईसीएम रिलेच्या गुंडाळीला अर्थ देतो. इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढा. बऱ्याच गाड्यांत ईसीएमला तापमान कळेनासं झालं की ते खबरदारी म्हणून फॅन कायमचा चालू करतं. फॅन लागला तर ईसीएम, रिले आणि फॅन तिन्ही धडधाकट. सेन्सर खोटं बोलतोय. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, कपलर लावून कोड पुसता येतो.

सेन्सर मीटरवर तपासायचा तर आकडे लक्षात ठेवा: थंड असताना, २० ते २५ अंशांना, साधारण दोन ते अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास, १०० अंशांना दोनशेच्या आत-बाहेर. कंपनीगणिक थोडं बदलतं, पण तापमान वाढलं की ओहम उतरलेच पाहिजेत. स्कॅनरने आणखी सोपं: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी फिरवा, कूलंटचा आकडा आणि बाहेरच्या हवेचा आकडा जवळपास सारखा दिसला पाहिजे. पी ०११५ ते पी ०११८ हे कोड सेन्सरच्या सर्किटचे, पी ०४८० आणि पी ०४८१ फॅनच्या कंट्रोल सर्किटचे.

सेन्सर खरं बोलतोय, आकडा १०५ दिसतोय, तरी रिलेला हुकूम नाही, तर ८५-८६ पासून ईसीएमपर्यंतची बारीक वायर तपासायची. इथे साधा जाड बल्बचा टेस्टर वापरू नका, ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. मीटर किंवा एलईडी टेस्टर. ईसीएम गेलं असं म्हणायची घाई कुणीही करू नये, ते सर्वात शेवटी.

दोन वेगांचे आणि हुशार फॅन

काही गाड्यांत फॅनला हळू आणि जोरात असे दोन वेग असतात. हळू वेगासाठी वीज एका रेझिस्टरमधून जाते. तो जळला की हळू वेग गायब. गाडी भरपूर तापली की एकदम विमानासारखा फॅन सुटतो. काट्याने नेहमीपेक्षा वर जाऊन मग झपकन खाली यायचं वेळापत्रक धरलं असेल तर काउलवर चिकटवलेला तो रेझिस्टर बघा. मोटरला काहीही झालेलं नसतं.

ज्या मोटरला दोन जाड आणि एक-दोन बारीक वायरी आहेत, तिच्या अंगातच इलेक्ट्रॉनिक्स असतं. बारीक वायरीवर बारा व्होल्ट टेकवले की खेळ संपला. तिथे जाड वायरींवर वीज आणि अर्थ आहे का एवढंच स्वतः बघा, पुढचं स्कॅनरवाल्याकडे द्या. आणि बोलेरो, सुमोसारख्या जुन्या उभ्या इंजिनाच्या गाड्यांत फॅन बेल्टवर, व्हिस्कस कपलिंगचा असतो. त्यांना यातलं काहीच लागू नाही.

‘डायरेक्ट’ करावं का?

रात्री अकरा वाजता घरी पोचण्यासाठी, हो. कायमचं, नाही. बटण लावलेल्या फॅनचं बटण कधी ना कधी चालवणारा विसरतोच, विशेषतः गाडी घरात दोघं-तिघं चालवत असतील तर. इग्निशनवर डायरेक्ट केला तर मोटर दिवसभर फुकट फिरते, कार्बन लवकर संपतात, आणि चावीच्या स्विचमधून एवढा करंट ओढला असेल तर तो स्विच आधी जातो. त्याच धर्तीवर थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही मिळतो. त्याने इंजिन नेहमी थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि फॅनचा मूळ आजार तसाच राहतो.

घाटात फॅन गेल्याचं कळलं, समजा वैभववाडीहून करूळ घाट चढताना, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. उकडेल, पण हीटर हाही छोटा रेडिएटरच आहे. काटा तरी चढत राहिला तर सुरक्षित जागी गाडी लावून इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, पाऊण तास तरी थांबा. गरम इंजिनावर वरून बाटलीतलं गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. गगनबावड्याच्या वर आलात की पुढचा रस्ता मोकळा मिळेल तितका एकसारख्या वेगाने काढा आणि रंकाळ्याची संध्याकाळची गर्दी टाळून शहरात शिरा.

दुरुस्तीनंतर

गाडी उभी चालू ठेवून फॅन दोनदा लागताना आणि दोनदा थांबताना बघा. एकदा लागला म्हणजे झालं असं नाही. स्कॅनर असेल तर किती अंशांना लागला ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला येतं. मग एसी लावून पुन्हा. हात लावलेले सगळे कपलर ‘कट्’ आवाजाने बसले आहेत ना, वायर पात्यांपासून लांब बांधली आहे ना, ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी परत तपासा. आधी गाडी जोरात उकळलेली असेल तर हे आठवडाभर करा. पातळी खाली जात राहिली, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन एका सिलिंडरवर अडखळलं, किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला, तर फॅनने जाता जाता हेड गॅस्केटही (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) नेलं असण्याची शक्यता आहे. मग गाडी चालवणं थांबवून आधी कूलंट सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्या.